टिग रूट, आर्क फिलिंग: एकाच कूपनचा पीक्यूआर की दोन पीक्यूआर जोडायचे?

गाळप थांबलं की चिकोडी-निपाणी-संकेश्वर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांची पाइपिंगची कामं बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेतल्या वेल्डिंग शॉपकडे यायला लागतात. ऑर्डरमध्ये ‘एएसएमई सेक्शन ९ प्रमाणे डब्ल्यूपीएस आणि पीक्यूआर’ ही ओळ असतेच. सेक्शन ९ हा वेल्डिंगच्या पात्रतेचा अमेरिकन कोड, डब्ल्यूपीएस म्हणजे जॉइंट कसा वेल्ड करायचा ते सांगणारा कागद, आणि पीक्यूआर म्हणजे ती पद्धत नमुन्याच्या तुकड्यावर, म्हणजे कूपनवर, करून तपासल्याची नोंद. (बॉयलरच्या स्टीम लाइनला आयबीआरची (भारतीय बॉयलर नियमावलीची) मंजुरी लागते, तो विषय निराळा.) जॉइंटही ठरलेलाच: कार्बन स्टील, रूट, म्हणजे तळाचा थर, टिगने (आर्गॉन वायूखालचं वेल्डिंग), वर ७०१८ इलेक्ट्रोडने आर्क वेल्डिंगचं फिलिंग आणि कॅपिंग. ठरवायचं ते एवढंच, की एका कूपनवर टिग आणि आर्क दोन्ही मारून एकच पीक्यूआर करायचा, की टिगचा वेगळा, आर्कचा वेगळा करून दोघांच्या आधारावर एक डब्ल्यूपीएस लिहायची.

कोडला दोन्ही मान्य आहे, सेक्शन ९ मधला परिच्छेद क्यूडब्ल्यू-२००.४ वाचून घ्या. बऱ्याच शॉपमध्ये दुसरा रस्ता आपोआप निवडला जातो, कारण टिगचा एक जुना पीक्यूआर फाइलमध्ये पडलेला असतो, आर्कचाही असतो. नवा खर्च कशाला? वरवर हे बरोबर वाटतं. शिवाय पुढे आर्कच्या जागी फ्लक्स कोअर आणायचं झालं तर तेवढाच एक पीक्यूआर नव्याने करावा लागतो. एक प्रक्रिया टेस्टला नापास झाली तर दुसरीचं कूपन वाया जात नाही, हाही फायदा खरा.

अडतं कुठे, तर बेस मेटलच्या, म्हणजे जोडायच्या पाइप किंवा प्लेटच्या, जाडीत. टिगचा जुना पीक्यूआर बहुधा ६ मिमी पाइपवर केलेला असतो. त्यावर चालणाऱ्या जाडीची मर्यादा १.५ ते १२ मिमी. आर्कचा २० मिमी प्लेटवरचा असेल तर त्याची ५ ते ४०. एकाच जॉइंटमध्ये दोन्ही वापरले की दोघांच्याही मर्यादा पाळाव्या लागतात, म्हणजे हातात उरतं ५ ते १२. आठ इंची शेड्युल १२० पाइप (शेड्युल म्हणजे भिंतीच्या जाडीचा वर्ग) १८.२६ मिमीचा. त्यावर टिगचं रूट ३ मिमीचंच असलं तरी तो पीक्यूआर चालत नाही, कारण तिथे मोजली जाते ती पाइपची जाडी, रूटची नाही. दोन्ही कागद स्वतंत्रपणे पाहिले तर अगदी स्वच्छ असतात, म्हणून ही चूक ऑफिसात कुणाच्या लक्षात येत नाही. ती सापडते फिट-अप (पाइप जुळवून बसवणं) झाल्यावर, थर्ड पार्टी इन्स्पेक्टरला, आणि मग जॉइंट टॅक मारलेल्या अवस्थेत थांबतो. माझं पारडं एकाच कूपनच्या बाजूला झुकलं ते मुख्यतः या एका कटकटीमुळे.

यातून कोडने वाट ठेवली आहे. टिगचं कूपन किमान १३ मिमी जाडीचं असेल, तर जास्त जाड कूपनवर केलेल्या दुसऱ्या पीक्यूआरशी ते जोडता येतं. मग टिगचं रूट त्या दुसऱ्या पीक्यूआरच्या कमाल जाडीपर्यंत चालतं, टिगच्या थराची मर्यादा मात्र भरलेल्या जाडीच्या दुप्पट. पण १३ मिमी संपूर्ण टिगने भरणं म्हणजे वेळ, आर्गॉन आणि वेल्डरची चिकाटी तिन्हीची परीक्षा. कुणी आठ इंची शेड्युल ८० पाइप घेतात, कारण १२.७ मिमी म्हणजे बरोबर अर्धा इंच आणि कोडमध्येही १३ च्या शेजारी अर्धा इंचच लिहिलेलं आहे. पाइपला जाडीत साडेबारा टक्के कमीची सूट असते हे तेव्हा विसरलं जातं. मापून ११.५ भरला तर वाट बंद.

आता एकत्र कूपन. २५ मिमी प्लेट घ्या. पीक्यूआरसाठी पाइपच हवा असं नाही, प्लेटवरची पात्रता पाइपला चालते. त्यात ६ मिमी टिग आणि १९ मिमी आर्क असा वाटा ठेवा. बेस मेटल ५ ते ५० मिमी दोन्ही प्रक्रियांना मिळतं. टिग १२ मिमीपर्यंत भरता येतं. आर्कची जाडी १९ ला पोचल्यामुळे तिथे दुप्पट आर्कच्या जाडीची नाही, तर कूपनच्या जाडीची धरतात, म्हणजे ५०. हाच वाटा ७ आणि १८ झाला तर आर्क ३६ वर येऊन थांबतं. पाइपिंगला ३६ देखील पुष्कळ झालं, पण जाड हेडर (अनेक पाइप जोडलेली मोठी नळी) आला की ती एक मिमी आठवते. रिइन्फोर्समेंट, म्हणजे प्लेटच्या पातळीवर आलेला वेल्डचा उंचवटा, यात धरत नाहीत.

म्हणून टिग संपल्यावर काम थांबवून मोजायचं. प्लेटच्या वरच्या पातळीपासून टिगच्या माथ्यापर्यंत व्हर्नियरच्या डेप्थ बारने तीन ठिकाणी खोली घ्या, ती १९ च्या खाली कुठेच नको. उंचवटे असतील तर ग्राइंडरने उतरवा, आकडे तिथल्या तिथे लिहा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या. दोन्ही जाड्या वेगळ्या लिहिलेल्या नसतील तर पीक्यूआर एकत्र करून काही हाती लागत नाही. टिग दोन-तीन थरांत ६ मिमी नेण्याचा आणखी एक फायदा म्हणजे ७०१८ चा पहिला पास रूट जाळून खाली पडत नाही. साइड बेंडला (जॉइंटचा काप बाजूने वाकवून बघण्याची टेस्ट) मात्र टिग आणि आर्कच्या सांध्यावर, कडेला अडकलेला स्लॅग बरोबर उघडा पडतो. तिथे पहिला आर्क पास मारण्याआधी कडा ब्रशने नव्हे, पातळ व्हीलने साफ करा. कारखान्यांचं ऑफ-सीझन म्हणजे बेळगावचा पावसाळा, तेव्हा ७०१८ ओव्हनमधून थेट हातात, टेबलावर उघडं नको.

टेस्टचा हिशोब साधा आहे. दोन टेन्साइल (ताणून तोडण्याचे) आणि चार बेंड, एकाच कूपनचे सहा नमुने कोल्हापूर किंवा पुण्याच्या लॅबकडे जातात. वेगळे केले तर बारा. आणि एकत्र पीक्यूआर झाला म्हणून दोन्ही प्रक्रिया कायमच्या जोडल्या गेल्या असंही नाही. आपापल्या मर्यादेत त्या सुट्या वापरता येतात. दोन इंची शेड्युल १६० म्हणजे ८.७४ मिमी, तो याच पीक्यूआरवर अखेरपर्यंत टिगने करता येतो. रूट फक्त ३ मिमी ठेवलं असतं तर ६ वर अडलो असतो.

वेल्डरच्या बाबतीत प्लेटची काटकसर कामाला येत नाही. प्लेटवर पास झालेल्याला लहान व्यासाच्या पाइपवर सगळ्या पोझिशन मिळत नाहीत, त्याला ६जी पाइप (४५ अंशांत तिरका, न फिरवता वेल्ड करायचा) द्यावाच लागेल. पीक्यूआर आणि वेल्डर एकाच कूपनमध्ये उरकायचे असतील तर जाड पाइप शोधा.

एका ठिकाणी मात्र वेगळे पीक्यूआरच बरे म्हणेन: कमी तापमानाच्या, इम्पॅक्ट टेस्ट (थंडीत धातू झटक्याने तुटतो का ते बघणारी) मागणाऱ्या लाइनला. त्या टेस्टचे, म्हणजे चार्पीचे, नमुने टिग आणि आर्क दोन्हींच्या वेल्ड धातूतून निघायला हवेत, आणि ६ मिमी टिगमधून पूर्ण मापाचा १० मिमीचा नमुना निघत नाही. पण साखर कारखान्याच्या वाफेच्या कामात हे क्वचितच येतं. पीडब्ल्यूएचटीचा (वेल्डनंतरच्या उष्णोपचाराचा) नियम दोन्ही रस्त्यांना सारखाच. एक पीक्यूआर उष्णोपचार केलेला आणि दुसरा न केलेला, असे दोन जोडता येत नाहीत. पी११, पी२२ च्या (क्रोम-मॉली मिश्रधातूच्या) लाइनसाठी जुनी फाइल उघडाल तेव्हा आधी ती नोंद बघा.

राहता राहिला तो जुना ६ मिमी टिगचा पीक्यूआर. तो टाकू नका. २५ मिमीच्या कूपनची खालची मर्यादा ५ मिमी आहे आणि दोन इंची शेड्युल ४० पाइप ३.९१ चा असतो. तिथे नुसत्या टिगने जॉइंट करायला तोच लागतो, फक्त त्याची डब्ल्यूपीएस वेगळी लिहा.