शेळ्यांच्या गाठींची रक्त टेस्ट: टेस्ट चांगली, रिपोर्ट अर्धवट

कळपातल्या शेळ्यांची सीएलएची रक्त टेस्ट एका खासगी लॅबकडून करून घेतली, नाव देत नाही, पण अनुभव सांगतो. सीएलए म्हणजे जबड्याखाली, कानामागे, खांद्यापुढे, कासेपाशी टणक गाठी येतात, मग फुटून घट्ट पांढरट-हिरवट पू निघतो ज्याला वासही नसतो, तोच रोग. कोरिनेबॅक्टेरियम स्यूडोट्युबरक्युलोसिस हा जंतू. शेळी चरतेय फिरतेय म्हणून लोक मनावर घेत नाहीत आणि तोवर अर्ध्या कळपात पसरलेलं असतं.

आता ही टेस्ट जंतू शोधत नाही बरं का, जंतू जे विष सोडतो (फॉस्फोलायपेज डी) त्याच्याविरुद्ध रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडी शोधते. हे आधी डोक्यात पक्कं पाहिजे नाहीतर रिपोर्ट आल्यावर नुसता गोंधळ. सहा महिन्यांच्या आतलं करडू पॉझिटिव्ह आलं तर त्या आईच्या चिकातून आलेल्या अँटीबॉडी असू शकतात, या रोगाची लस टोचलेली शेळीही पॉझिटिव्हच दाखवते, आणि उलट नुकती लागण झालेली किंवा जुनी गाठ आत जाड कवचात बंद झालेली शेळी खुशाल निगेटिव्ह येते. त्यामुळे एका कागदावर शेळी कळपातून काढायची घाई करू नका.

मग पैसे फुकट गेले का, तर अजिबात नाही. बाहेर गाठ नाही पण शेळी खाऊनपिऊन खंगत चाललीये, खोकते, दूध कमी झालंय, तिथे ही टेस्ट खरी कामाची, कारण फुफ्फुसातल्या नाहीतर लिव्हरमधल्या गाठी हाताला लागणार कशा? टायटर (म्हणजे रक्त किती पट पातळ केलं तरी अँटीबॉडी सापडतात तो आकडा) 1:256 किंवा वर असला की आतल्या गाठीचा संशय वाढतो. नवीन शेळी आणली तर करायचीच, रोग बहुतेक वेळा विकतच्या जनावरातूनच येतो. लागण झाल्यापासून गाठ दिसायला साधारण 2 ते 6 महिने लागतात, म्हणून वेगळी बांधून ठेवायची आणि काही आठवड्यांनी परत रक्त पाठवायचं. बाहेर गाठ असेल तर मात्र रक्ताच्या भानगडीत न पडता पुवाची कल्चर (पुवातला जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखायची टेस्ट) करा, ती जास्त पक्की. पू डॉक्टरलाच काढू द्या, ग्लोव्हज घालून, माणसालाही लागण होते. निघालेला पू जाळायचा आणि जखम भरेपर्यंत शेळी कळपात सोडायची नाही, कारण मातीत, गव्हाणीवर हा जंतू कित्येक महिने टिकतो.

लॅबचं म्हणाल तर नळ्या, लेबलं व्यवस्थित, रिपोर्ट वेळेत. पण रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, टायटरचा आकडा मागे लागून घ्यावा लागला! फॉर्मवर वय नाही, लस दिली का तेही विचारलेलं नाही, मग निकालाचा अर्थ लावणार कसा हे त्यांनाच ठाऊक. वर फोनवरच्या माणसाने अँटीबायोटिकचा कोर्स करा बरं होईल असं सांगितलं, अहो कवचाच्या आत ते औषध धड पोचतच नाही हा तर या रोगाचा मुख्य त्रास आहे.

टेस्टला चार स्टार, लॅबला दोन. पुढच्या वेळी दुसरीकडे पाठवणार, आणि टायटर छापून देता का हे नळ्या मागवायच्या आधीच विचारणार.