जपानमध्ये कंपनी नोंदली गेली, व्हिसाचा अर्ज मात्र कुणी केलाच नव्हता

जपानमध्ये नोकरीच्या व्हिसावर राहून स्वतःचा धंदा काढायचा विचार करणाऱ्या प्रत्येकासाठी हे लिहितोय. आमचे ५०० मान गेले, म्हणजे ५० लाख येन. ज्या सल्लागाराने फसवलं त्याची फी वेगळीच. ज्या वाटेने हे पैसे गेले ती वाट अजून उघडी आहे, आणि आपल्याच भाषेत गोड बोलणारी माणसं तिथे उभी आहेत.

मी टोकियोत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे, व्हिसा इंजिनिअरचा. माझा भागीदार एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी होता. स्वयंपाक्याला मिळणारा व्हिसा वेगळा, त्यासाठी साधारण १० वर्षांचा अनुभव कागदोपत्री दाखवावा लागतो. आमचं ठरलं होतं की कंपनी काढायची, मी बिझनेस मॅनेजर व्हिसा घेऊन धंदा बघायचा आणि किचन त्याने सांभाळायचं. दोघांची कित्येक वर्षांची बचत त्यासाठी बाजूला ठेवलेली होती.

२०२५ च्या ऑगस्टअखेर बातमी आली की बिझनेस मॅनेजर व्हिसाचे नियम बदलणार. तोपर्यंत ५० लाख येन भांडवल किंवा दोन पूर्णवेळ कर्मचारी दाखवले की अर्ज करता येत असे. १६ ऑक्टोबर २०२५ पासून भांडवल थेट ३ कोटी येन झालं. शिवाय जपानी नागरिक, कायम वास्तव्याचा परवाना असलेला किंवा तशाच हक्काचा निदान एक पूर्णवेळ कर्मचारी, जपानी भाषेची पातळी, व्यवस्थापनाचा अनुभव किंवा पदव्युत्तर पदवी, आणि धंद्याचा आराखडा तज्ज्ञाकडून तपासून घेण्याची अट. छोटं रेस्टॉरंट काढू पाहणाऱ्या माणसाच्या तोंडचा घासच गेला. फक्त नवा नियम लागू होण्याआधी दाखल झालेले अर्ज जुन्या निकषांवर तपासले जाणार होते.

नेमका याच वेळी ओळखीतून तो गृहस्थ भेटला. मराठी बोलणारा, जपानीत सराईत, कार्डावर 'व्हिसा व बिझनेस कन्सल्टंट'. म्हणाला, "दादा, १५ ऑक्टोबरच्या आत अर्ज पडला तर ५०० मानात काम होईल. नाहीतर ३००० मान आणा." यातलं काहीच खोटं नव्हतं. मी इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर पडताळून पाहिलं, तारीखही बरोबर, आकडाही बरोबर. खरी मुदत दाखवून त्याने आमच्याकडून घाईत सह्या घेतल्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक तिच्यावरच उभी आहे. जपानमध्ये कंपनी नोंदणं आणि ती चालवण्यासाठी राहण्याचा परवाना मिळणं ही दोन वेगळ्या कचेऱ्यांची कामं आहेत. कंपनी नोंदते होमुक्योकु, म्हणजे कायदेविषयक नोंदींची कचेरी. तिथे तुमचा व्हिसा कुठला हे कुणी विचारत नाही. कागद बरोबर असले की कंपनी जन्माला येते. तिचा कारभार प्रत्यक्ष पाहण्याची मुभा देणारं इमिग्रेशन वेगळं, ते नंतर येतं, आणि तिथेच खरी चाळणी लागते. या दोन कचेऱ्यांच्या मधे बरेच आठवडे जातात. त्या काळात तुमचं भांडवल कंपनीच्या खात्यात पडून असतं आणि तुम्ही वाट बघत असता.

त्याने आम्हाला सांगितलं की तुम्ही इंजिनिअरच्या व्हिसावर आहात, मुख्य संचालक म्हणून तुमचं नाव आत्ता घातलं तर ते बेकायदा काम ठरेल. परवानगी येईपर्यंत माझं नाव राहू दे, नंतर बदलू. ऐकायला हे पटणारं होतं, पण होतं उलटं. बिझनेस मॅनेजरचा अर्ज करणारा माणूस साधारणपणे आधी मुख्य संचालक म्हणून नोंदला जातो आणि मग त्या नोंदीचा दाखला जोडून अर्ज करतो. व्हिसा बदलून येईपर्यंत त्याने धंदा चालवायचा नसतो, एवढंच.

भांडवल आधी माझ्या खात्यात जमा केलं, पासबुकाची नक्कल जोडली, कंपनी नोंदली गेली. सप्टेंबरात त्याने नोंदीचा दाखला आणून टेबलावर ठेवला. जाड कागद, कचेरीचा शिक्का, वर कंपनीचं नाव. भागीदाराने तो दोन्ही हातांनी उचलून पाहिला. "अभिनंदन, काम झालं," तो गृहस्थ म्हणाला. शेजारी लाकडी डबीत कंपनीचा हांको, म्हणजे सहीच्या जागी उमटवायचा शिक्का, होता. तो त्याने आम्हाला दाखवला आणि डबी मिटून स्वतःच्या बॅगेत टाकली. मुख्य संचालक तोच असल्यामुळे कंपनीचं बँक खातंही त्याच्याच सहीने उघडलं गेलं होतं. मग माझ्या खात्यातून ५० लाख येन कंपनीच्या खात्यात गेले.

तो दाखला घेऊन मी पुढे एका जपानी सहकाऱ्याशेजारी बसलो. त्याने ओळ न् ओळ वाचून दाखवली: कंपनीचं नाव, पत्ता, उद्देश, भांडवल ५० लाख येन, संचालक, मुख्य संचालक. माझं नाव कुठेच नव्हतं, भागीदाराचंही नव्हतं. जपानी कंपनीच्या या नोंदीत भागधारकांची नावं येतच नाहीत, फक्त संचालकांची येतात. म्हणजे पैसे आमचे, पण सरकारी कागदावर कंपनी संपूर्ण त्याची दिसत होती. हा दाखला ६०० येन भरून कुणालाही, कुठल्याही कंपनीचा काढता येतो. कुणी तुमच्यासाठी कंपनी काढून देत असेल तर त्याने आणलेल्या कागदावर थांबू नका, स्वतः जाऊन काढा आणि जपानी येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या.

आता इमिग्रेशनची बाजू. फीमध्ये त्याने 'सरकारी शुल्क' म्हणून मोठी रक्कम आधीच घेतली होती. व्हिसाचा प्रकार बदलण्याचं शुल्क तेव्हा खिडकीवर ६ हजार येन होतं, आणि ते अर्ज करताना द्यायचं नसतं. परवानगी मंजूर झाल्यावर, नवं कार्ड घेताना भरायचं असतं. आधी सरकारी शुल्क मागणाऱ्या माणसापाशी तिथेच थांबावं.

दुसरी खूण तुमच्या खिशात असते. अर्ज खिडकीवर दाखल झाला की तुमच्या झाइर्यू कार्डाच्या, म्हणजे परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्राच्या, मागे 'अर्ज चालू आहे' असा शिक्का बसतो आणि क्रमांक असलेली पावती मिळते. माझ्या कार्डाची मागची बाजू कोरीच होती. तो म्हणाला, अर्ज ऑनलाइन केलाय, ऑनलाइनला शिक्का नसतो. तेही खरं आहे, पण ऑनलाइन अर्जाचा क्रमांक ईमेलवर येतो. त्याने मला पाठवला तो एक धूसर फोटो. शेवटी रजा काढून मी शिनागावाला, टोकियोच्या इमिग्रेशन कचेरीत, गेलो. खिडकीवरच्या बाईंनी माझं कार्ड घेतलं, संगणकावर पाहिलं, पुन्हा पाहिलं. माझ्या नावावर बदलाचा कुठलाही अर्ज नव्हता. १५ ऑक्टोबर कधीच उलटून गेला होता. आता आमच्या रेस्टॉरंटला ५० लाखांऐवजी ३ कोटी लागणार होते.

जी इनुकी जागा, म्हणजे बंद पडलेल्या रेस्टॉरंटची सामानासकट जागा, त्याने आम्हाला दाखवली होती, तिच्या मालकाला आमचं नावही माहीत नव्हतं. कंपनीच्या खात्यातले पैसे त्याने काढून घेतले होते, थोडे सुटे तेवढे उरले होते.

पैशांपेक्षा मला जास्त लागतं ते माझ्या भागीदाराचं. "नोकरी सोडलीत तर तुमची तयारी दिसेल," असं सांगून त्या माणसाने त्याला सप्टेंबरात राजीनामा द्यायला लावला. नोकरी सुटली की १४ दिवसांत इमिग्रेशनला कळवावं लागतं, हे त्याला सांगितलंच नाही. आणि ज्या कामासाठी व्हिसा मिळालाय ते काम सबळ कारणाशिवाय तीन महिने केलं नाही तर तो रद्द होऊ शकतो. डिसेंबरच्या थंडीत हा माणूस रेस्टॉरंटांची दारं ठोठावत फिरत होता. शेवटी कमी पगारावर एका किचनमध्ये लागला, म्हणून जपानमध्ये राहू शकला. मी राजीनामा दिलेला नव्हता, त्यामुळे माझा व्हिसा शाबूत राहिला. नव्या व्हिसाचं कार्ड हातात पडल्याशिवाय जुनी नोकरी सोडू नका. कोण काय सांगतंय ते ऐकू नका.

आम्ही कोऱ्या अर्जांवर सह्या कराव्यात असाही त्याचा आग्रह होता. भागीदाराने केल्या, मी नाही केल्या. त्या कागदांवर पुढे खोटं काही भरून दाखल झालं असतं तर चौकशी अर्जदाराचीच झाली असती, आणि खोट्या कागदांवर मिळालेला व्हिसा नंतरही काढून घेतला जातो.

दुसऱ्याच्या वतीने पैसे घेऊन इमिग्रेशनच्या अर्जाचे कागद बनवण्याचा अधिकार जपानमध्ये वकिलाला आणि ग्योसेइशोशीला, म्हणजे सरकारी कागदपत्रं तयार करणाऱ्या परवानाधारकाला, असतो. इमिग्रेशनमध्ये अर्ज नेऊन देणाऱ्या ग्योसेइशोशीकडे त्यासाठीचं ओळखपत्र असतं. ते मागा, आणि त्याचं नाव त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या संकेतस्थळावर शोधा. खरा माणूस याने रागावत नाही. १ जानेवारी २०२६ पासून कायद्यात हेही स्पष्ट झालंय की सल्ल्याची फी, सेवा शुल्क, काहीही नाव दिलं तरी परवाना नसताना पैसे घेऊन हे काम करणं गुन्हाच आहे.

पोलीस ठाण्यात आमचं सगळं ऐकून घेतलं, पण सही करण्याचा अधिकार असलेल्या संचालकाने कंपनीच्याच खात्यातून पैसे काढले, तेव्हा हा आधी दिवाणी वाद आहे, असं सांगण्यात आलं. आम्हाला रस्ता दिसला तो योत्सुया इथल्या परदेशी रहिवाशांच्या मदत केंद्रात, फ्रेस्कमध्ये. तिथे होतेरासु या सरकारी कायदेमदत संस्थेचीही शाखा आहे. उत्पन्न ठरावीक मर्यादेत असेल तर तिच्यामार्फत एका प्रकरणासाठी तीन वेळा वकिलाचा सल्ला मोफत मिळतो. भागीदाराच्या नावावर तो मिळाला.

वकिलाने पहिलंच विचारलं, कंपनीची नियमावली कुठे आहे? आमच्याकडे नव्हती, त्या गृहस्थाने प्रत दिलीच नव्हती. पण काबुशिकी, म्हणजे शेअर असलेल्या, प्रकारच्या कंपनीची नियमावली नोटरीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते आणि ती नोटरीच्या कचेरीत जपून ठेवली जाते. कंपनी स्थापन करणाऱ्याला तिची नक्कल मागता येते. ती काढली आणि त्यात आम्हा दोघांची नावं आणि शेअर स्पष्ट निघाले. त्याचा एकही शेअर नव्हता. त्या जोरावर आम्ही दोघांनी भागधारकांची सभा घेऊन त्याला काढून टाकलं. कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या एका स्नेह्यांना संचालक नेमलं, कारण त्यांच्या कामावर व्हिसाचं बंधन नाही. मग नवा हांको नोंदवला आणि जुना बाद झाला.

पैशांसाठी दिवाणी दावा चालू आहे. तोवर कंपनी बंदही करता येत नाही, आणि धंदा शून्य असला तरी तिच्या नावावर वर्षाला साधारण ७० हजार येन स्थानिक कर लागतो.

आमच्या वकिलांचं म्हणणं असं की एकट्याची तक्रार धंद्यातलं भांडण ठरते, पण त्याच पद्धतीने फसलेले आणखी लोक पुढे आले तर पोलिसांना ठरवून केलेली फसवणूक दिसेल. तुमचंही भांडवल अशाच 'तात्पुरत्या' संचालकाच्या हाती गेलं असेल तर बँकेच्या पावत्या आणि त्याचे सगळे मेसेज जपून ठेवा, मेसेज पुसले जाण्याआधी त्यांचे फोटो काढा, आणि आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार नोंदवा. लाज वाटून घरात बसलेले लोक मला माहीत आहेत. त्यांनी तक्रार केली तर आमच्या दाव्यालाही बळ येईल.