डिव्हिनेशन की नाइट्स व्हिस्पर?

मॅजिक: द गॅदरिंग या कार्ड गेममध्ये ब्लू-ब्लॅक (निळ्या-काळ्या कार्डांचा) डेक बनवताना या दोन कार्डांपैकी कुठलं घ्यावं यात अडकलायस ना, मग ऐक. दोन्ही सॉर्सरी (आपल्याच पाळीत टाकायची जादू), दोन्ही दोनच कार्डं देतात, फरक किमतीत. डिव्हिनेशनला 3 माना (कार्ड टाकायला लागणारी ऊर्जा), व्हिस्परला 2 माना आणि वर तुझं 2 लाइफ जातं (लाइफ शून्य झालं की हरलास). सुरुवातीच्या 20 मधले 2 किरकोळ वाटतात, पण समोर बर्न डेक (थेट तुझं लाइफ जाळणारा) असेल तर तू त्याचंच काम करून देतोयस आणि 2 लाइफ उरल्यावर तर ते कार्ड हातात नुसतं पडून राहतं. तरी वाचलेला एक माना भारी पडतो, चार माना असताना व्हिस्पर टाकून वर 2 मानाचं रिमूव्हलपण (समोरच्याचा प्राणी उडवणारं कार्ड) मारता येतं, डिव्हिनेशननंतर उरतो एकच. कमांडर या खेळप्रकारात सुरुवातच 40 लाइफने, तिथे डोळे झाकून व्हिस्पर. डेक स्लो असेल, सतत मार खाऊन टिकणारा, तर डिव्हिनेशन बरं.