शिडाच्या जहाजांवर शोधकाम करायचंय: कॉलिज घ्यावं की विनफिल्ड?

शिडाच्या काळातल्या ब्रिटिश नौदलावर काही शोधायला बसलं की तीच चार-पाच पुस्तकं फिरून फिरून समोर येतात, आणि विकत घ्यायची वेळ आली की माणूस अडतो, कारण यातलं एकही स्वस्त नाही आणि आपल्याकडच्या लायब्ऱ्यांमध्ये सहसा सापडतही नाही. मी या निवडीतून गेलोय म्हणून लिहितोय. माझा विषय तसा छोटा आहे, मुंबई गोदीत वाडियांनी बांधलेली आणि रॉयल नेव्हीत गेलेली सागवानी जहाजं. कॉर्नवॉलिस, वेलस्ली, त्रिंकोमाली, गँजेस, एशिया ही मंडळी. त्यामुळे माझं मत त्या अंगाने आलेलं आहे, तुमचा विषय ट्रफाल्गर किंवा कॅरिबियन असेल तर थोडा फरक पडेल, फार पडेल असं वाटत नाही.

फुकट मिळणारी आधी बाजूला काढतो. विल्यम जेम्सचा १७९३ ते १८२० चा नौदल इतिहास आणि क्लाउझचे सात खंड (१८९७ ते १९०३) दोन्ही स्कॅन होऊन नेटवर पडलेत, उतरवून घ्या, त्यावर खर्च करू नका. लढाई कशी झाली हे वाचायला जेम्स फार चांगला, तोफा आणि गोळ्यांची वजनं मोजण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, पण १८१२ च्या अमेरिकन युद्धावर तो उघड उघड ब्रिटिश बाजूचा आहे. क्लाउझच्या सहाव्या खंडात त्याच युद्धाचा भाग अमेरिकन थिओडोर रूझवेल्टने लिहिलाय, म्हणजे दुसरी बाजूही तुम्हाला फुकटातच मिळते. दोन्ही शेजारी उघडून वाचावेत. पण ही वाचायची पुस्तकं, एखादं जहाज चटकन शोधायचं तर यांचा उपयोग नाही.

खरी निवड जे. जे. कॉलिजचं 'शिप्स ऑफ द रॉयल नेव्ही' आणि रिफ विनफिल्डचे 'ब्रिटिश वॉरशिप्स इन द एज ऑफ सेल'चे चार खंड यांच्यात आहे. डेव्हिड लायनची 'सेलिंग नेव्ही लिस्ट' तिसरी, तिच्याकडे नंतर येतो.

कॉलिज पहिल्यांदा १९६९-७० मध्ये दोन भागांत आलं, नंतर इतरांनी त्यात भर घालत नव्या आवृत्त्या काढल्या. नावाप्रमाणे वर्णानुक्रम, एका नावाची सगळी जहाजं एकाखाली एक. हे ऐकायला साधं वाटतं पण या विषयात त्याची किंमत किती आहे ते नावांच्या गोंधळात अडकल्याशिवाय कळत नाही. उदाहरणार्थ कॉर्नवॉलिस. ज्या जहाजावर २९ ऑगस्ट १८४२ ला ब्रिटन आणि चीनमधला नानकिंगचा तह सह्या होऊन पक्का झाला ते ७४ तोफांचं कॉर्नवॉलिस मुंबईत १८१३ ला पाण्यात उतरलं. पण त्याआधीचं एक कॉर्नवॉलिसही मुंबईचंच, ईस्ट इंडिया कंपनीने बांधून घेतलेलं, १८०५ मध्ये नेव्हीने विकत घेतलं आणि १८११ मध्ये त्याचं नाव अकबर केलं. आता १८१० च्या एखाद्या पत्रात कॉर्नवॉलिस दिसलं तर ते कुठलं? कॉलिजमध्ये दोन्ही एकाखाली एक दिसतात आणि प्रश्न तिथेच संपतो. साल्सेटचं तसंच, १८०५ साली पाण्यात उतरलं ते पिट म्हणून, १८०७ मध्ये साल्सेट झालं. वेलस्लीचं तर त्याहून गुंतागुंतीचं, १८६८ मध्ये वेलस्लीचं नाव कॉर्नवॉल झालं आणि मूळ कॉर्नवॉलचं नाव वेलस्ली, म्हणजे दोघांनी नावं बदलून घेतली, आणि १९४० च्या सप्टेंबरमध्ये थेम्सवर जर्मन विमानहल्ल्यात जे कॉर्नवॉल बुडालं ते आपलं १८१५ चं मुंबईतलं जहाज होतं. असल्या नामांतरांच्या नोंदी कॉलिज चोख देतो. एकाच जाड पुस्तकात सगळं आहे हेही मोठं सुख. अर्थात त्यात वाफेची, पोलादाची, आत्ताआत्तापर्यंतची जहाजं पण आहेत, म्हणजे शिडवाल्या माणसाला पुस्तकाचा बराच भाग कधी उघडावाच लागत नाही.

मग नडलं कुठे, तर त्रिंकोमालीपाशी.

त्रिंकोमाली ही फ्रिगेट (मधल्या आकाराची वेगवान युद्धनौका) १२ ऑक्टोबर १८१७ ला मुंबईत पाण्यात उतरली, आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतेय, आपल्या गोदीच्या कामाचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. मी या जहाजांचा एक तक्ता करत होतो, कुठल्या वर्षी कुठलं जहाज कुठे. एशिया १८२७ ला नावारिनोच्या लढाईत अ‍ॅडमिरल कॉड्रिंग्टनचं फ्लॅगशिप, वेलस्ली १८३९ ला कराचीसमोर, मग १८४० ला चीनच्या किनाऱ्यावर, हे जमत गेलं. त्रिंकोमालीच्या रांगेत मात्र १८२० आणि १८३० ची सगळी दशकं रिकामी राहिली आणि कारणच कळेना. कॉलिजची नोंद ओळी-दोन ओळींची असते, प्रकार, टनेज, मापं, तोफा, कुठे बांधलं, कधी उतरलं, पुढे नाव बदललं का, शेवटी विकलं की मोडलं की बुडालं. जन्मदाखला आणि मृत्यूदाखला हातात दिल्यासारखं, मधलं आयुष्य तुमचं तुम्ही शोधा. खरी गोष्ट अशी की त्रिंकोमाली एप्रिल १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचली आणि डोलकाठ्या-सामान उतरवून राखीव म्हणून बांधून ठेवली गेली, ती १८४५ पर्यंत. मग तोफा कमी करून तिला कॉर्व्हेट (फ्रिगेटहून खालच्या दर्जाची युद्धनौका) केलं आणि १८४७ मध्ये कुठे ती खऱ्या अर्थाने नोकरीवर निघाली. पाव शतकाहून जास्त काळ कॅप्टन नाही, खलाशी नाहीत, लॉगबुक नाही.

हे फक्त एका जहाजाचं झालं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. पण नेपोलियनचं युद्ध संपल्यावर नेव्हीची बहुतेक जहाजं अशी बांधूनच ठेवलेली असायची, आणि पाण्यात उतरलेली तारीख व मोडलेली तारीख एवढंच समोर असलं की आपण नकळत धरून चालतो की मधली सगळी वर्षं जहाज समुद्रावर होतं. यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. लंडनजवळ क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये अ‍ॅडमिरल्टीचे कागद आहेत, त्यात एडीएम ५१ ही कॅप्टनांच्या लॉगबुकांची मालिका, एडीएम ५२ मास्टर लोकांची, म्हणजे जहाजाची दिशा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांची. इथे बसून कुठल्या कागदाच्या कॉपी मागवायच्या हे ठरवायला जहाजाचं नाव पुरत नाही, ते कुठल्या काळात सेवेत होतं आणि कॅप्टन कोण होता हे आधी माहीत पाहिजे, नाहीतर पैसे जातात आणि हाती काही येत नाही.

विनफिल्ड नेमकं हेच देतो. कुठल्या महिन्यात जहाज सेवेत आलं, कुठल्या कॅप्टनखाली, कुठल्या स्टेशनवर (नेमून दिलेल्या सागरी विभागात) गेलं, कॅप्टन कधी बदलला, कधी सेवेतून काढलं, वर ऑर्डर कधी, बांधणी कधी सुरू, खर्च किती. एका नोंदीवरून लॉगबुकांची यादी करता येते. मी कितीतरी नोंदी कागदपत्रांशी ताडून पाहिल्या, माझ्या कामापुरत्या तरी त्या टिकल्या, इतरांचा अनुभव थोडा वेगळा असू शकतो.

दुसरी गोष्ट, विनफिल्डची मांडणी रेट (तोफांच्या संख्येवरून ठरणारा दर्जा) आणि क्लास (एकाच आराखड्यावर बांधलेली जहाजं) यांप्रमाणे आहे. सुरुवातीला याचा त्रास होतो कारण नावाने शोधायचं तर दरवेळी मागच्या इंडेक्समध्ये जावं लागतं, बोट एका पानावर ठेवून दुसरं पान उघडायचं. पण क्लास का महत्त्वाचा ते वेलस्लीवरून कळतं. ती ब्लॅक प्रिन्स क्लासच्या आराखड्यावर बांधायची होती, आराखडे मुंबईला निघाले होते जावा नावाच्या फ्रिगेटवरून, आणि २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन कॉन्स्टिट्यूशनने जावा पकडली. आराखडे गेले. मग मुंबईत नुकतंच पूर्ण होत आलेलं कॉर्नवॉलिस समोर होतं, त्याच्याच रेषांवर वेलस्ली बांधली. (त्याच जावावर जनरल हिस्लॉप मुंबईच्या नेमणुकीवर निघाले होते, पुढे २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेसमोर उभे राहिले ते हेच.) जहाज कागदावर एका क्लासचं आणि प्रत्यक्षात दुसऱ्या, हे क्लासच्या चौकटीत ठेवून बघितलं की लगेच लक्षात येतं, वर्णानुक्रमात येत नाही.

विनफिल्डच्या उणिवाही सांगायला हव्यात. काळ चार खंडांत तोडलाय, १६०३-१७१४, १७१४-१७९२, १७९३-१८१७, १८१७-१८६३. विजयदुर्गावर १७५६ ला ब्रिटिश अ‍ॅडमिरल वॉटसन आला तेव्हाचं त्याचं केंट हे जहाज बघायचं तर दुसरा खंड, मुंबईच्याच मिंडेन या जहाजाच्या सुरुवातीसाठी तिसरा, एशिया आणि गँजेससाठी चौथा. ज्याचा विषय माझ्यासारखा १८१७ च्या दोन्ही बाजूंना पसरलाय त्याला एका खंडात भागत नाही. चारही घ्यायचे तर खर्च बराच होतो. वजनदार आहेत, टेबल लागतं, आडवं पडून वाचायची पुस्तकं नव्हेत. संक्षेपांचा मारा आहे, पहिले काही दिवस सुरुवातीची संक्षेपसूची उघडी ठेवूनच बसावं लागतं. ई-बुक आवृत्ती मिळते, तिच्यात तक्त्यासारखा मजकूर छोट्या स्क्रीनवर मला नीट वाचवत नाही, पण एक फायदा मोठा आहे, कॅप्टनचं नाव टाकून सर्च करता येतं. जुन्या पत्रांमध्ये कितीदा जहाजाचं नाव नसतंच, 'कॅप्टन अमुकचं फ्रिगेट' एवढंच असतं, तेव्हा हा सर्च फार कामाला येतो.

लायनची लिस्ट १९९३ ची, ग्रीनिचच्या म्युझियममधल्या जहाजांच्या नकाशांचा ज्याने वर्षानुवर्षं अभ्यास केला त्या माणसाने केलेली. तुम्ही मॉडेल बनवत असाल किंवा जहाजबांधणीतच रस असेल तर विनफिल्डच्या आधी हीच बघा असं मी म्हणेन, कुठल्या जहाजाचे आराखडे शिल्लक आहेत हे कळणं तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं. जहाजाच्या सेवेचा माग काढायचा असेल तर ही पुरत नाही.

आणि एक, आंग्र्यांचं आरमार किंवा कंपनीचं स्वतःचं आरमार बॉम्बे मरीन हा तुमचा विषय असेल तर वरची तिन्ही तुम्हाला फार दूर नेणार नाहीत, ती रॉयल नेव्हीचीच आहेत. तिथे इंडियन नेव्हीतल्याच (हे बॉम्बे मरीनचं पुढचं नाव) चार्ल्स रॅथबोन लोने १८७७ मध्ये लिहिलेले दोन खंड आहेत, फुकट मिळतात, पण आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतांच्या पलीकडच्या, म्हणजे इंग्रजांच्या, बाजूने लिहिलेले आहेत हे ध्यानात ठेवून वाचायचे आणि मराठी-पोर्तुगीज कागद शेजारी ठेवायचे.

तर घ्यायचं काय? कादंबऱ्या, आठवणी वाचताना 'हे जहाज कुठलं' एवढंच बघायचं असेल तर कॉलिज पुरेसं आहे, त्यात मी कमीपणा मानत नाही, आणि नामांतरं तपासायला मी अजूनही तेच आधी उघडतो. पण तुम्ही एकदा जरी मूळ कागदपत्रांकडे जाणार असाल तर माझा कल विनफिल्डकडे आहे, आणि तोही चारही खंड नाही, एकच. खंड निवडताना जहाज कधी बांधलं ते बघू नका, तुमच्या हातातले कागद कुठल्या वर्षांचे आहेत ते बघा, कारण आधीपासून सेवेत असलेली जहाजं प्रत्येक खंडाच्या प्रकरणांत पुन्हा घेतलेली आहेत. वेलस्ली १८१५ ची असली तरी तिच्या कराची-चीनच्या वर्षांसाठी मी १८१७-१८६३ चाच खंड सुचवेन. १७९३-१८१७ चा खंड जुन्या पुस्तकांत शोधणार असाल तर २००५ ची पहिली आवृत्ती थोडी कमी किमतीत दिसेल, जमलं तर थांबून २००८ ची सुधारित घ्या.