जुनी अँबॅसडर आणि महामार्ग: क्राउन-पिनियन बदलावे की पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवावा?

१४८९ सीसीची जुनी अँबॅसडर कोल्हापुरात सांभाळणाऱ्या माणसासमोर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. शहरात किंवा पन्हाळ्यापर्यंत गाडीची काही तक्रार नसते. पण शिरोलीहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ला लागून काटा सत्तरीच्या पुढे सरकला की इंजिनाचा आवाज गप्पांवर मात करू लागतो, आणि कराड येईपर्यंत इंजिन थोड्या कमी फेऱ्यांवर चालले तर किती बरे होईल, हाच विचार मनात घोळत राहतो. त्यावर दोन उपाय सर्रास सुचवले जातात. एक म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमध्ये कमी रेशोचे (म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टला कमी फेरे घ्यावे लागतील असे) क्राउन-पिनियन, ही दातेरी चाकांची जोडी, घालणे, आणि दुसरा म्हणजे अ‍ॅक्सल आहे तसा ठेवून पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवणे. काहीही न बदलता पासष्टीने जाणे हा तिसरा उपायही तितकाच विचारात घेण्याजोगा आहे.

आधी आपल्या गाडीत काय आहे ते पाहावे, कारण इतक्या वर्षांत कोणी कोणता अ‍ॅक्सल चढवला असेल ते कागदावरून कळत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पुढच्या चाकांना ओट लावावी, मागचे एकच चाक जॅकने उचलून घोडीवर घ्यावे, गिअरबॉक्सकडून मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करावी आणि उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्यामुळे डिफरन्शियलच्या रचनेनुसार क्राउन एकच फेरा घेतो, आणि तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे घेईल तितका आपला रेशो. माझ्या गाडीत शाफ्ट साडेचार फेऱ्यांच्या किंचित पुढे गेला. कव्हर उघडल्यावर क्राउनचे ४१ आणि पिनियनचे ९ दात मोजता आले, म्हणजे ४.५६.

५.९०-१५ टायरचा घेर साधारण २.०३ मीटर धरला, तर या रेशोने चौथ्या गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला जवळजवळ ३००० फेरे घेते, आणि ९० ला सुमारे ३३७०. हे आकडे आजच्या गाड्यांच्या मानाने भीतीदायक नाहीत, परंतु या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका दिशेची धाव, ८८.९ मिलिमीटरचा आहे आणि क्रँकला आधार तीनच मेन बेअरिंगांचा आहे. ३३७० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला दहा मीटरच्या घरात जातो. हेच इंजिन २५५० वर चालले तर तो साडेसात मीटरवर येतो. तासन्‌तास चालवताना हा फरक कानाला तर कळतोच, पण तेलाचा खप आणि बेअरिंगांचे आयुष्य यांतही तो दिसल्यावाचून राहत नाही, असे मला वाटते.

काहीही न बदलण्याचा पक्ष मी हलका मानत नाही. सत्तरला फेरे २६०० च्या आसपास असतात, आणि त्या वेगाला हे इंजिन खरोखर सुखात असते. ज्यांची गाडी वर्षातून दोनदा नरसोबाच्या वाडीला आणि एकदा आंबा घाटातून रत्नागिरीला जाते, त्यांनी कशालाही हात लावू नये, असेच माझे मत आहे. घाटात आणि कोकणातल्या रस्त्यांवर मूळ रेशोच उपयोगी पडतो. अडचण येते ती पुण्याला किंवा बेळगावला वरचेवर जाणाऱ्यांची. पासष्टीने जाताना मागचा ट्रक सतत दिवे मारत असतो, आणि रस्त्याचे काम चालू असलेल्या अरुंद पट्ट्यात त्याला जागा देणे प्रत्येक वेळी जमत नाही.

क्राउन-पिनियनचा मार्ग वरवर पाहता अधिक सरळ आहे. बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) याच घराण्यातल्या गाड्यांना ४३:११ म्हणजे ३.९१ चा रेशो होता, आणि तसा संच अ‍ॅक्सलमध्ये बसला की ८० ला फेरे ३००० वरून सुमारे २५७० वर येतात. बाहेरून काहीच दिसत नाही, तळाची पत्रा-कापणी नाही, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा जागेवर राहतो, आणि पुढच्या सलग सीटवर तिसरा माणूस पूर्वीसारखाच बसू शकतो. शिवाय चौथा गिअर थेट असतो. त्यात जोर काउंटर शाफ्टमधून (गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या, समांतर शाफ्टमधून) न जाता सरळ मागे जातो, म्हणून गिअरबॉक्स गप्प राहतो. काम मात्र जाणत्या हाताचे हवे. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्यावेत, शिमा (पातळ चकत्या) घालून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी फट, जुळवावा, दातांना रंग लावून ठसा मधोमध उमटतो की नाही ते पाहावे. ठसा कडेला उमटत असेल तर अ‍ॅक्सल आयुष्यभर गुणगुणत राहतो. खर्च मात्र गिअरबॉक्सच्या निम्म्यानेही होत नाही.

इचलकरंजीच्या एका स्नेह्यांच्या गाडीत असा संच बसवलेला आहे, आणि एका हिवाळ्यात आम्ही बरेच दिवस गाड्यांची अदलाबदल करून चालवल्या. त्यांचे काम उत्तम झालेले आहे; अ‍ॅक्सलचा आवाज नाही, आणि सपाट रस्त्यावर ऐंशीला गाडीत बसलेल्यांना हळू आवाजात बोलता येते. स्पीडोमीटरचे तेवढे लक्षात ठेवावे लागते: त्याची केबल गिअरबॉक्सच्या शेपटीवरून चालते, म्हणून मागचा रेशो बदलला की काटा कमी दाखवू लागतो. काट्यावर सत्तर असताना मोबाइलवर प्रत्यक्षात ऐंशीच्या वर वेग दिसत होता.

पण माझा निर्णय ज्या एका त्रासाने केला, तो या कशातच नव्हता. खरा घाट आला की कोणतीही अँबॅसडर तिसऱ्यात घ्यावीच लागते. खंबाटकी असो वा तवंदी, तिथे तक्रारीला जागा नाही. त्रास होतो तो घाट नसलेल्या चढांवर: कागलच्या पुढचे लांबलचक उतार-चढ, उड्डाणपुलांचे माथे, पेठ नाक्याच्या अलीकडे-पलीकडे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारी चढण. ऊस हंगामात तर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर नेमका अशा चढावर पुढे येतो, ऐंशीवरून वेग साठीवर किंवा त्याखाली उतरतो, आणि तिथून गाडी पुन्हा उचलायची असते. ३.९१ च्या अ‍ॅक्सलवर साठीला चौथ्या गिअरमध्ये इंजिन १९३० फेऱ्यांवर आलेले असते. त्या फेऱ्यांना पन्नास अश्वशक्तीच्या आतबाहेरचे हे इंजिन चार माणसांसह चढ ओढत नाही. पेडल दाबले की बॉनेटखालून नॉकिंगची टकटक ऐकू येते, दांडा हातात थरथरतो, आणि वेग वाढण्याऐवजी एकेक किलोमीटरने गळत जातो. तिसरा टाकावा, तर त्याच साठीला फेरे २९०० वर चढतात आणि ज्या आवाजापासून सुटका हवी होती तोच आवाज परत येतो. माथ्यावर चौथा, पुढच्या चढाला तिसरा, पुन्हा चौथा, असे निपाणीपर्यंत चालू राहते.

इंजिनाला त्या ठिकाणी २२५० च्या आसपास फेरे हवे असतात, आणि त्या गाडीत ते देणारा गिअरच नाही. मूळ ४.५६ च्या अ‍ॅक्सलवर साठीला चौथ्यात नेमके तेवढेच फेरे मिळतात, म्हणून मूळ गाडी त्याच चढावर मुकाट्याने वर जाते. कमी रेशो घातला की चारही गिअर एकदम लांब होतात; आपल्याला फक्त वरचा लांब करायचा होता. चौथ्यात रेटत राहिले तर आणखी एक गोष्ट घडते: पंखा आणि पाण्याचा पंप इंजिनाच्याच पट्ट्यावर असल्यामुळे जोर सर्वांत जास्त आणि पंखा मात्र सर्वांत मंद अशी स्थिती येते, आणि मार्च-एप्रिलमध्ये तापमानाचा काटा ते लगेच सांगतो. खालच्या टोकालाही फटका आहे. मूळ गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर न खरखरता पडू देणारी रचना) नाही, आणि तोही लांब झाल्यामुळे किणी टोल नाक्याच्या रांगेत किंवा चढावर थांबून गाडी उचलताना क्लच जास्त जळतो. माझ्या स्नेह्यांना या गिअर-बदलाचे काहीच वाटत नाही, हेही सांगायला हवे. ते बहुतेक वेळा एकटे आणि पहाटे प्रवास करतात, आणि अशा माणसाचा अनुभव वेगळा असू शकतो.

मी माझ्या गाडीत पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवला. १९९२ पासून इसुझूच्या १८१७ सीसी इंजिनासह जी अँबॅसडर निघाली, तिच्यासोबत पाच गिअर आले, आणि भंगारात निघालेल्या तशा गाडीचा गिअरबॉक्स शोधला तर मिळतो. माझ्या गिअरबॉक्सचा चौथा थेट आहे आणि पाचवा ०.८५ च्या आसपास आहे. ४.५६ ला ०.८५ ने गुणले की ३.८७ येतात, म्हणजे ऐंशीला फेरे २५४०. सपाट रस्त्यावर दोन्ही मार्ग जवळजवळ एकाच आकड्यावर पोहोचतात. फरक चढावर कळतो. साठीवर उतरलो की मी चौथा टाकतो, फेरे २२४० वर येतात, ट्रॉली मागे पडते आणि पुढे सपाटी आली की पुन्हा पाचवा. गिअर मलाही बदलावा लागतो, पण बदलल्यावर जे मिळते ते इंजिनाला हवे असलेलेच असते.

या मार्गाची किंमत मात्र पुरेपूर मोजावी लागते. इंजिन आणि बेलहाऊसिंग (गिअरबॉक्सचे क्लच झाकणारे तोंड) यांच्यामध्ये जोडणारी अडॅप्टर प्लेट लागते, आणि तिचा मध्य क्रँकच्या मध्याशी तंतोतंत जुळला नाही तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग आणि क्लच दोन्ही लवकर जातात. उद्यमनगरातल्या लेथवर हे काम फार चांगले होते. डायल लावून मध्य तपासून दाखवणाऱ्याकडेच ते द्यावे. क्लच प्लेट इंजिनाच्या व्यासाची पण नव्या गिअरबॉक्सच्या स्प्लाइनची (शाफ्टवरच्या खाचांच्या मापाची) लागते, गिअरबॉक्सचा आधार नव्याने करावा लागतो, आणि दांडा खाली आल्यामुळे पुढची मधली जागा जाते. आमच्या घरात ही जागा जाणे सर्वांना लागले, आणि मलाही अजून लागते. पाचव्या गिअरचा जोर काउंटर शाफ्टमधून जात असल्यामुळे बारीकसा सूर ऐकू येतो. तो थेट चौथ्यात नसतो.

ज्यांची गाडी पन्नास वर्षांची झाली आहे किंवा होत आली आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. गिअरबॉक्ससाठी तळाचा पत्रा कापला असेल तर तो प्रश्न उभा राहू शकतो; अ‍ॅक्सलच्या आतल्या दातांबाबत तो सहसा उभा राहणार नाही. त्या नोंदणीचा विचार असेल तर माझ्या मताला फार वजन देऊ नये, कारण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणताही येत नाही आणि महामार्गाचा प्रश्नच मग दुय्यम ठरतो.

मोठे टायर घालून रेशो सुधारण्याचा सल्लाही कानावर येतो. त्याने दोन-तीन टक्क्यांपलीकडे फारसे हाती लागत नाही आणि स्टिअरिंग जड होते. उलट १६५/८० आर १५ चे रेडियल घातले तर घेर थोडा कमीच होऊन फेरे वाढतात.

मुख्यतः बेळगाव-पुण्याचा प्रवास, गाडीत तीन-चार माणसे आणि सामान, आणि हंगामातही निघावे लागणारे, अशांनी मागच्या अ‍ॅक्सलला हात न लावता पाचव्या गिअरसाठी पैसे साठवावेत, असे मी सुचवीन. एकट्याचा प्रवास असेल, पुढची सलग सीट जिवापाड असेल किंवा खर्चाला मर्यादा असेल, तर क्राउन-पिनियन वाईट नाही. मात्र शक्य असल्यास ३.९१ पर्यंत न जाता ४३:१० म्हणजे ४.३ वर थांबावे. ऐंशीला फेरे २८२० च्या आसपास राहतात आणि चढावरचा तो मधला खड्डा बराच उथळ होतो. दोन्हींपैकी काहीही केले तरी आवाज कमी झाल्यावर वेग नकळत वाढतो, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी थांबायला पूर्वीइतकेच अंतर घेते. म्हणून काम सुरू करण्याआधी ब्रेकचे लाइनर आणि व्हील सिलिंडर पाहून घ्यावेत. गिअरबॉक्स बसवणाऱ्यांनी प्रोपेलर शाफ्ट आखूड केल्यावर तो बॅलन्स करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये, कारण साठीला न जाणवणारा थरकाप पंचाहत्तरीला सगळ्या गाडीत पसरतो, आणि तो गिअरबॉक्सचा दोष समजून लोक भलतीकडेच शोधत बसतात.