मिंगस: सुरुवात कोणत्या अल्बमने करावी?

जॅझ बेसवादक आणि संगीतकार चार्ल्स मिंगस पहिल्यांदाच ऐकणार असाल तर दोन अल्बम समोर येतात: १९५९चा ‘मिंगस आह उम’ आणि १९६३चा ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’.

‘आह उम’मधल्या रचना सुट्या आहेत, एक ऐकून थांबता येतं. ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ ही त्याच वर्षी मार्चमध्ये गेलेल्या सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगला श्रद्धांजली. अतिशय संथ, पण रडकी नाही. ‘फेबल्स ऑफ फॉबस’मध्ये आर्कान्सॉच्या वर्णभेदी गव्हर्नरची टर उडवली आहे. या रेकॉर्डवर शब्द नाहीत, तरी सुरांतला खवचटपणा लपत नाही.

‘ब्लॅक सेंट’ मात्र अख्खाच ऐकावा लागतो. अकरा वादक, सहा भाग, चाळीस मिनिटांच्या आतबाहेर. मिंगस बेस सांभाळून पियानोही वाजवतो. ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारखी वाद्यं) गुरगुरतं, लय चढते, मध्येच स्पॅनिश धाटणीची गिटार येते आणि चार्ली मारियानोचा आल्टो सॅक्सोफोन अक्षरशः हंबरडा फोडतो. (हाच मारियानो पुढे नागस्वरम शिकला!) वेष्टनावरचं टिपण लिहिणाऱ्यांत मिंगसचा मानसशास्त्रज्ञही आहे.

नवख्याला मी ‘आह उम’च देईन. माझ्याकडे जास्त वाजतो तो ‘ब्लॅक सेंट’. रात्री, हेडफोन लावून.