पेट्या, फुलांचा पट्टा की राखलेला बांध?

फळधारणा कमी होतेय म्हटलं की तीन सल्ले मिळतात: मधमाश्यांच्या पेट्या आणा, पिकाच्या कडेने फुलं लावा, बांध साफ करणं थांबवा. तिन्ही चुकीचे नाहीत, पण एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

यंदाच्या हंगामाची घाई असेल तर पेट्याच. शेतात कांद्याचं बियाणं पिकवणाऱ्याला तर त्या हव्याच. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे या गोंड्यावरून त्या गोंड्यावर पराग नेणारं कुणीतरी लागतंच. फुलोरा सुरू झाला की पेट्या ठेवायच्या आणि तेवढे दिवस फवारणीचा पंप बाजूला. मात्र पेट्या उचलल्या की माश्याही गेल्या. वांगी-टोमॅटोला तर या माश्या फारशा कामाच्या नाहीत. तिथे पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून हलवून पाडावा लागतो. काळा भुंगा वांग्याच्या फुलाला लटकून अंग थरथरवतो, गुंईं असा आवाज येतो आणि पोटावर पिवळी भुकटी पडते. मधमाशीला हे जमत नाही.

फुलांचा पट्टा स्वस्त. बडीशेप, तीळ, थोडी कोथिंबीर फुलोऱ्यावर सोडली तरी पुरे. हिरवळीच्या खतासाठी ताग पेरत असाल तर तो फुलायच्या आत गाडला जातो. एक पट्टी राखा, भुंगे येतील. पण पट्टा म्हणजे खानावळ, मुक्काम नव्हे. झेंडूवर बसलेलं फुलपाखरू मध पिऊन जातं, अंडी घालायला दुसरीकडे. शिवाय नांगर फिरला की पट्टा संपला.

मुक्कामाची सोय बांधावरच. एकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या न नांगरलेल्या मातीत बिळं करतात, भुंगा वाळक्या लाकडात किंवा बांबूत. रुईचं पान उलटून बघा: काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेली अळी म्हणजे बिबळ्या कडवा फुलपाखराचं पोर. बांधावरची रुई उपटली की तिचं खाणंच गेलं. घाणेरीवर फुलपाखरं झुंबड करतात म्हणून ती मात्र लावू नका, नंतर आवरत नाही. लिंबाची बाग असेल तर बांधावर कढीपत्ताही नको. लिंबावरची अळी आणि सिट्रस सायला (रस शोषणारी बारीक कीड) त्यावरही पोसतात.

पण तुकड्या-तुकड्याने राखलेला बांध फार उपयोगाचा नाही. बारीक माश्या घरट्यापासून काहीशे मीटरपलीकडे सहसा जात नाहीत. ओढ्याला किंवा गायरानाला लागून असलेल्या बाजूने सुरुवात करा, म्हणजे तिथले जीव बांधाबांधाने आत सरकतील. अडचण शेजाऱ्याची. बांधावरून आधीच भांडणं कमी नाहीत, त्यात रब्बीत सावली उत्तरेला पडते. म्हणून सामाईक बांधावर करवंद, तुळस अशी ठेंगणीच झुडपं. शेवगा, करंज ओढ्याकाठी.

माझं मत विचाराल तर बियाण्याचा कांदा असेल तर यंदा पेट्या घ्या आणि बांधाला सोबतच हात घाला. वांगी-टोमॅटोसारखा भाजीपाला असेल तर पेट्यांचा खर्च टाळून आधी बांध. जमीन दोन एकरांच्या आत असेल आणि रुंद बांध परवडत नसेल, तर निदान ओढ्याकडच्या एका बाजूला तणनाशक मारणं थांबवा. त्याला पैसे लागत नाहीत.